शब्बीर बेलिफाची साक्ष

कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली माझं टायपिंगचं टेबल आहे. बावीस वर्षं मी तिथं बसून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतो. त्यामुळे शब्बीर मुलाणीला मी जेवढं ओळखतो तेवढं त्याच्या भावकीतलंही कुणी ओळखत नसेल. शब्बीर कोर्टाचा बेलिफ. न्यायाधीशांची सही झाली की तो कागद ज्याच्यासाठी आहे त्याच्या दारात न्यायचा, वाचून दाखवायचा, सही घ्यायची आणि परत येऊन काय घडलं ते चार ओळींत लिहून द्यायचं. काम एवढंच. पण त्या चार ओळींवर खटले अडतात किंवा सुटतात, हे आवारात बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ‘घर बंद आढळले’ एवढं लिहिलं की समोरच्याला आरामात तीन महिने मिळतात.

शब्बीर असं लिहीत नसे. एकदा किकवीत एक माणूस त्याला बघून माळ्यावर चढला आणि बायकोनं सांगितलं, धनी पुण्याला गेलेत. शब्बीरनं बरं म्हटलं आणि ओट्यावर बसून राहिला. सकाळी दहापासून दुपारी साडेतीनपर्यंत. शेवटी भुकेनं कासावीस होऊन तो माणूस खाली उतरला, मुकाट्यानं सही केली, आणि मग दोघंही हसले म्हणतात. हे मला शब्बीरनं नाही, त्या माणसानंच माझ्या टेबलाशी बसून सांगितलं.

भोरमध्ये शब्बीरचं दोन खोल्यांचं घर. बायको मासूमा शिवणकाम करते. एकुलती मुलगी फौजिया. ती लहान असताना शाळा सुटली की कोर्टात येऊन बसायची, माझ्याकडचे रद्द झालेले कागद घेऊन त्यांच्या मागं चित्रं काढायची. पुढं पुण्याला राहून तिनं वकिली केली आणि न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला लागली. पहिल्यांदा पूर्वपरीक्षेतच गेली. दुसऱ्यांदा मुख्य परीक्षेत राहिली. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी तिसऱ्यांदा बसली होती.

वेल्ह्याच्या पुढं डोंगरात पासली गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. उन्हाळ्यात नळ आटले की अर्धी वाडी तिथून पाणी आणते, आणि त्याच्याच ओहोळावर खालची भाताची खाचरं भरतात. आमच्या भागात वजन असलेले एक पुढारी आहेत, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी झऱ्याखालची जमीन घेतली, बंगला बांधला आणि भोवती भिंत घालायला काढली. जमीन त्यांची, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण झऱ्याकडे जाणारी पायवाट त्या जमिनीतून होती, आणि वाडीतल्या अंबूबाई वेगरेच्या आजेसासूपासूनची वहिवाट होती. अंबूबाईनं पुढाकार घेऊन दावा लावला. अकरा जणांनी सह्या आणि अंगठे केले. पहिल्या तारखेपर्यंत सात जणांनी नावं काढून घेतली. उरल्या अंबूबाई, तिची जाऊ ठकुबाई आणि दोन म्हातारे.

त्या वेळी आमच्या कोर्टात न्यायाधीश म्हणून एक मॅडम होत्या. पस्तिशीच्या असतील. आवाज इतका हळू की मागच्या बाकावरच्यांना मान पुढं काढावी लागे. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, जुने नकाशे बघितले आणि निकाल लागेपर्यंत पायवाट अडवू नये असा मनाईहुकूम दिला. तो बजावायचं काम शब्बीरकडे आलं.

फेब्रुवारीचा महिना. तो मोटरसायकलवर कापूरहोळ, नसरापूर, वेल्हे करत पासलीला पोचला. बंगल्याच्या फाटकाला नुकताच हिरवा रंग दिला होता. व्यवस्थापक बाहेर आला आणि म्हणाला, साहेब नाहीत. पण साहेब पडवीत झोपाळ्यावर बसलेले फाटकातून स्पष्ट दिसत होते. शब्बीरनं तिथूनच मोठ्यानं हुकूम वाचून दाखवला. भाऊसाहेबांनी पेपरातून मान वर केली, त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा पेपर वाचायला लागले. सही करायला कुणी आलं नाही. मग शब्बीरनं नियमाप्रमाणं हुकूम फाटकावर चिकटवला, दूध घालायला निघालेल्या दोघांना थांबवून पंच म्हणून सह्या घेतल्या आणि कोर्टानं दिलेल्या मोबाईलवर फोटो काढला. डोंगरात रेंज नव्हती, त्यामुळं फोटोवर ठिकाणाची नोंद काही उमटली नाही. परत येऊन पंचांच्या सह्यांच्या त्याच कागदावर त्यानं रिपोर्ट लिहिला. भाऊसाहेब स्वतः हजर होते, त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी स्वीकारलं नाही.

पुढच्या आठ दिवसांत भिंत पुरी झाली. पायवाट बंद.

अंबूबाईच्या वकिलांनी हुकूम मोडल्याचा अर्ज केला. भाऊसाहेबांच्या वकिलांचं म्हणणं असं की हुकूम त्यांना मिळालाच नाही, त्या दिवशी ते पासलीत नव्हतेच, फाटकावर काय चिकटवलं ते त्यांना माहीत नाही. म्हणजे सगळा भार शब्बीरच्या चार ओळींवर आला. मॅडमनी त्याच्या साक्षीसाठी तारीख दिली.

त्या तारखेच्या आत मॅडमची बदली झाली.

बदल्या दरवर्षी उन्हाळ्यात होतात, त्यात नवल नाही. पण साधारण तीन वर्षं पुरी झाल्यावर होतात, आणि मॅडमना यायला चौदा महिनेसुद्धा झाले नव्हते. चहाच्या टपरीवर एका दिवसात ठरून गेलं, बदली भाऊसाहेबांनीच करवली. शब्बीरनं नाझरसाहेबांना, म्हणजे बेलिफांच्या वरच्या अधिकाऱ्याला विचारलं. ते म्हणाले, हायकोर्टाचा हुकूम आहे, कारण आपल्याला कळवत नाहीत, आणि आपण विचारूही नये. मॅडमनी स्वतः मागून घेतली असेल, घरची अडचण असेल, कामाची सोय असेल, काहीही असू शकतं. शब्बीरनं हे टपरीवर सांगून बघितलं. लोक त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघत राहिले.

मॅडमनी जायच्या दिवशी सगळ्यांना नमस्कार केला. शब्बीरला बदलीचं कारण विचारायचं होतं. त्यानं विचारलं नाही. 

नवे साहेब येण्याआधीच त्यांची कीर्ती आली. भाऊसाहेबांची माणसं गावोगाव सांगत फिरत होती, आता येतोय तो आपला माणूस आहे, आपणच आणलाय. पासलीच्या पारावर हे अंबूबाईला ऐकवलं गेलं. दोन म्हाताऱ्यांपैकी एकानं त्याच आठवड्यात नाव काढून घेतलं.

प्रत्यक्षात साहेब आले ते एका जुन्या बॅगेसकट भाड्याच्या गाडीतून. सत्काराचा गुच्छ घेऊन काही मंडळी निवासस्थानी गेली, तर शिपायाकरवी निरोप आला, कोर्टाच्या वेळेत अर्ज करावा. साडेदहाला बसायचे, डबा आपल्या खोलीतच खायचे. टपरी म्हणाली, वरवरचं दाखवणं आहे. मीही तसंच म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू.

याच सुमारास फौजियाचा मुख्य परीक्षेचा निकाल लागला. ती पास झाली. मुलाखत महिनाभरावर होती.

गोरख हा शब्बीरचा शाळेतला सोबती. एका बाकावर बसलेले. आता तो भाऊसाहेबांची सगळी कामं बघतो. एका दुपारी शब्बीर कापूरहोळला मोटरसायकलचा टायर बदलायला थांबला होता, तिथं गोरख आला. शेजारच्या ढाब्यावर चहा मागवला. घरचं विचारलं, मासूमाच्या गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाला, “फौजियाची मुलाखत हाय म्हणं.”

“व्हय. पुढच्या महिन्यात.”

“लई जण हितंच अडकत्यात. लेखीत येत्यात आन मुलाखतीत गळत्यात.” गोरखनं चहाचा कप फिरवला. “भाऊसाहेबांचा शब्द जाईल वर. तुला काही करायचं न्हाई. साक्षीला एवढंच म्हण, की फाटकातनं लांबचं नीट दिसलं न्हाई. साहेबच होते का दुसरं कुणी, ते आता सांगता येत न्हाई. खोटं बोल म्हणत न्हाई मी. वय झालंय, आठवत न्हाई, एवढंच.”

शब्बीर म्हणाला, विचार करतो. ही गोष्ट त्यानं मला वर्षभरानं सांगितली तेव्हा तो या दोन शब्दांपाशी पुन्हा पुन्हा येत होता. “तिथल्या तिथं न्हाई म्हणायला पायजे होतं. तसं म्हणालो न्हाई. विचार करतो म्हणालो. आन खरंच केला.”

तीन दिवस त्यानं विचार केला. घरी कुणाला सांगितलं नाही. फौजिया पलीकडच्या खोलीत आरशासमोर उभी राहून मुलाखतीची उत्तरं म्हणायची, ती त्याला ऐकू यायची. सात वर्षं त्या मुलीनं सण बघितला नव्हता. एक वाक्य बदललं तर काय होणार होतं? पासलीची पायवाट तशीही बंद झालेली होती. नवे साहेब तसेही त्यांचेच होते म्हणतात. मग आपल्या खरं बोलण्यानं अंबूबाईला काय मिळणार होतं, आणि आपल्या मुलीचं मात्र जाणार होतं.

चौथ्या दिवशी पलीकडच्या खोलीतून त्याला एक उत्तर ऐकू आलं. प्रश्न कोणता होता ते कळलं नाही. ती म्हणत होती, न्यायाधीशानं बाहेरचं काही मनात आणू नये, पुढं आलेल्या पुराव्यावर बोलावं. तीच ओळ तिनं चार वेळा वेगवेगळ्या आवाजांत म्हटली, कोणता आवाज चांगला वाटतो ते बघायला. शब्बीर उठून बाहेर गेला आणि गोरखला फोन करून म्हणाला, मला जमणार नाही. गोरख चिडला नाही. म्हणाला, बघ बाबा, तुझी मर्जी.

मुलाखत झाली. दीड महिन्यानं यादी लागली, आणि यादीत फौजिया शब्बीर मुलाणी हे नाव होतं.

त्या दिवशी शब्बीरला कोर्टात कामच सुचेना. नव्या साहेबांनी त्याला आत बोलावून अभिनंदन केलं. मासूमानं आळीत शिरखुर्मा वाटला, ईद नसताना. दोन दिवस त्या घराला दार असं नव्हतंच, लोक येत होते आणि जात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी भोरच्या एसटी स्टँडसमोर आणि कापूरहोळच्या फाट्यावर मोठाले फ्लेक्स लागले. वर भाऊसाहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली कोपऱ्यात फौजियाचा, तिच्याच मोबाईलच्या स्टेटसवरून उचललेला. ‘मा. भाऊसाहेबांच्या मार्गदर्शनाने व आशीर्वादाने भूमिकन्या फौजिया मुलाणी यांची न्यायाधीशपदी निवड.’

शब्बीर कोर्टात येईपर्यंत चार जणांनी त्याला वाटेत थांबवून सांगितलं, साहेबांनी काम केलं बरं का. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं, आणि त्यांना त्यात गैरही काही वाटत नव्हतं. उलट शब्बीरनं योग्य माणसाला धरलं याचं कौतुकच होतं.

त्याच आठवड्यात नव्या तारखेची नोटीस घेऊन त्याला पासलीला जावं लागलं. अंबूबाई अंगणात तांदूळ निवडत होती. नेहमी तो दिसला की ती आधी पाण्याचा तांब्या आणायची, मग कागदाचं विचारायची. त्या दिवशी उठली नाही. अंगठा केला, नोटीस पदराखाली ठेवली आणि म्हणाली, “लेकीचं झालं म्हणं. बरं झालं. तुमी तरी काय करणार, पोटच्या पोरापुढं कुणाचं काय चालतंय.”

तिच्या बोलण्यात राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. राग नव्हता. तिनं त्याला समजून घेतलं होतं. कोर्टाचा माणूस म्हणून त्याला एका पक्षकाराशी साक्षीबद्दल अक्षर बोलता येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, “आजी, तारखेला या.” आणि निघाला.

घरी आल्यावर त्यानं फौजियाला समोर बसवून गोरखची सगळी गोष्ट सांगितली. टायर बदलण्यापासून फोनपर्यंत, मधले तीन दिवससुद्धा.  शेवटी तिनं एकच विचारलं.

“अब्बा, आपण नको म्हटल्यावरही त्यांनी शब्द टाकला असेल तर?”

“कशाला टाकतील? मी न्हाई म्हणालो ना.”

“त्यांना काय, पुढं उपयोगी पडेल म्हणून टाकला असेल. किंवा नसेलही टाकला. मला कसं कळणार? मी कुणाला विचारू?” ती पुढं म्हणाली, “उद्या मी खुर्चीवर बसले आणि त्यांचा माणूस माझ्यासमोर आला, तर तो मला त्यांचीच समजणार. आणि त्याच्याविरुद्ध निकाल दिला, तर मलाच वाटत राहणार, हा मी पुराव्यावर दिला की त्या फ्लेक्सचा डाग धुवायला दिला.”

 मासूमा दारात उभी होती. ती म्हणाली, झालं ते झालं, फ्लेक्स काय, वाऱ्यापावसानं जाईल आपोआप. अजून पोलिसांची चारित्र्य पडताळणी व्हायची आहे, नेमणुकीचा कागद यायचा आहे, आता कुणाशी वाकडं घेऊ नका. तिची भीती खोटी नव्हती. पडताळणीचा एक कागद एका टेबलावर चार महिने पडून राहिला तर कुणाला विचारता येत नाही.

फौजियानं दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन अर्ज टाइप करून घेतला. माझ्या निवडीशी या व्यक्तीचा कोणताही संबंध नाही, माझ्या संमतीशिवाय माझे नाव व छायाचित्र वापरले आहे, फलक विनापरवाना आहे, तो काढावा. एक प्रत नगरपरिषदेला, एक कापूरहोळच्या ग्रामपंचायतीला, एक पोलीस ठाण्याला. मी टाइप करताना थांबलो आणि म्हणालो, पोरी, ‘कोणताही संबंध नाही’ एवढं कडक लिहायचं का? ती म्हणाली, तेवढंच लिहायचंय काका, बाकीचं नसलं तरी चालेल. तिन्ही ठिकाणी तिनं स्वतः जाऊन पोच घेतली. नगरपरिषदेत तिला सांगितलं, साहेब जागेवर नाहीत. ती बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी दोन माणसं शिडी घेऊन गेली आणि स्टँडसमोरचा फ्लेक्स उतरवला. कापूरहोळचा राहिला. त्याच्यावर पुढं भाऊसाहेबांच्याच वाढदिवसाचा फ्लेक्स चढला.

साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. मी टायपिंग बंद ठेवून आत जाऊन उभा राहिलो. अंबूबाई आणि ठकुबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. सत्तावीस वर्षं शब्बीर त्या खोलीत वावरला होता, पण पिंजऱ्यात उभा राहायची ही त्याची पहिलीच वेळ. 

भाऊसाहेबांचे वकील पुण्याचे, मोठे. दोन्ही पंच आधीच फिरले होते, आपण कशावर सही केली ते माहीत नाही असं सांगून मोकळे झाले होते. वकिलांनी फोटोवरून सुरुवात केली. यात ठिकाणाची नोंद नाही. असं फाटक कुठंही असू शकतं. तुम्ही त्या दिवशी पासलीला गेलाच नाहीत, भोरमध्ये टेबलावर बसून रिपोर्ट लिहिलात. शब्बीर प्रत्येक वेळी शांतपणे म्हणत होता, मी गेलो होतो. वकिलांनी विचारलं, गेला होतात याला तुमच्या शब्दाशिवाय काय आधार आहे?

शब्बीरनं आपल्या तळहाताकडं बघितलं. मग म्हणाला, “फाटकाला ताजा हिरवा रंग होता. हुकूम चिकटवताना माझ्या हाताला लागला. पंचांच्या सह्या घेताना तोच हात रिपोर्टाच्या कागदाला लागला असंल. मी पुसला होता, पण गेला न्हवता.”

साहेबांनी फाइल मागवली. मूळ रिपोर्ट काढून उजेडाकडं धरला. खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा हिरवा डाग होता. तो कागद आठ महिने फाइलमध्ये होता आणि आमच्यापैकी कुणीही तो बघितला नव्हता. साहेबांनी तो दोन्ही वकिलांना दाखवला. पुण्याचे वकील म्हणाले, हिरवा रंग कुठंही मिळतो. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

मग त्यांनी स्वतः एक प्रश्न विचारला. “प्रतिवादी त्या वेळी हजर होते, असं तुम्ही लिहिलंय. फाटकापासून पडवी किती लांब? तुम्ही त्यांना ओळखलंत का?”

हाच तो प्रश्न होता. शब्बीरनं मला नंतर सांगितलं, की त्या क्षणी त्याच्या मनात एवढंच होतं, हे साहेब जर खरंच भाऊसाहेबांचे असतील तर मी माझ्या पायावर आणि पोरीच्या नेमणुकीवर एकदमच दगड घालतोय. फौजियाचा पडताळणीचा कागद तेव्हा कुठल्यातरी टेबलावर होता.

“वीस-बावीस पावलं असंल साहेब. ओळखलं. झोपाळ्यावर बसले होते. मी हुकूम वाचला, त्यांनी माझ्याकडं बघितलं आन परत पेपर वाचायला लागले.”

साहेबांनी मान खाली घालून लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

बाहेर आल्यावर शब्बीर व्हरांड्याच्या पायरीवर बसला.  अंबूबाई आली, आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि त्याच्यासमोर धरली.  तो पाणी प्यायला.

तीन आठवड्यांनी हुकूम आला. बजावणी झाल्याचं साहेबांनी मान्य केलं. मनाई मोडून बांधलेली भिंत पायवाटेच्या रुंदीइतकी तीस दिवसांत काढावी, नाहीतर कोर्ट काढून घेईल. भाऊसाहेब पुण्याला वरच्या कोर्टात गेले. अपील दाखल झालं, पण स्थगिती मिळाली नाही. एकोणतिसाव्या दिवशी त्यांच्याच माणसांनी भिंतीला दोन हातांचं खिंडार पाडलं. पासलीच्या बायका पुन्हा त्या वाटेनं जायला लागल्या.

मला वाटलं होतं, आता टपरी गप्प बसेल. चार दिवस बसली. मग नवीन सुरू झालं. नव्या साहेबांचं आणि भाऊसाहेबांचं कुठंतरी बिनसलं असणार. आणि शब्बीर? पोरीची नोकरी पदरात पाडून घेतली आणि मग फिरला, हुशार माणूस. हे बोलणारे वाईट लोक नव्हते. माणूस कायद्यानं वागला असेल, हे त्यांना सुचतच नव्हतं. मी एकदा भांडलो. म्हणालो, फाइलमध्ये डाग आहे, मी डोळ्यांनी बघितलाय. एकजण म्हणाला, डाग काय, नंतरही लावता येतो. त्यानंतर मी टपरीवर जायचं कमी केलं.

फौजियाची पडताळणी लांबली. तिच्या बरोबरच्यांना प्रशिक्षणाचे आदेश आले, तिचा आला नाही. ती आधी पत्रं लिहायची, मग प्रत्यक्ष जाऊन बसायची. पाच महिन्यांनी तिचा कागद सुटला. उशीर मुद्दाम केला की आपोआप झाला, तेही कधी कळलं नाही. आता ती विदर्भातल्या एका तालुक्याला आहे. आमच्या जिल्ह्यात नेमणूक नको, असं तिनं स्वतः लेखी दिलंय. तिच्या मनातली ती शंका गेली का, असं मी शब्बीरला विचारलं. तो म्हणाला, “न्हाई. ती म्हणते, जायला नकोच. शंका राहिली तर मी प्रत्येक निकाल दोनदा वाचते.”

शब्बीरविरुद्धही एक निनावी तक्रार गेली होती. चौकशी झाली, काही निघालं नाही. आता त्याला निवृत्तीला वर्ष आहे.

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी अंबूबाई कोर्टात आली. हातात नव्या इंद्रायणी तांदळाचं गाठोडं होतं. शब्बीर माझ्याच टेबलाशी बसला होता. तिनं गाठोडं पुढं केलं. तो म्हणाला, आजी, अपील चालू आहे, मला घेता येणार नाही. तिला वाईट वाटलं असावं, पण तिनं गाठोडं पुन्हा पिशवीत घातलं आणि बाकावर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “हे सायेब पन जाणार म्हणत्यात.”

“व्हय. त्यांची तीन वर्षं होतील आता.”

“मंग जो येईल त्यो कुणाचा असंल?”

शब्बीरनं कोर्टाच्या दाराकडं बघितलं. शिपाई आतून कुणाचंतरी नाव पुकारत होता. “ते लोकांच्या तोंडून कळत न्हाई, आजी,” तो म्हणाला. “मागं बसून बघायचं. कुणाला बोलू देतोय, कुणाचं लिहून घेतोय. तारखेला जाऊन बसल्याबिगर कळत न्हाई.”

अंबूबाईनं ते ऐकून घेतलं. मग चष्मा पुसला आणि माझ्याकडं वळून विचारलं, पुण्याच्या कोर्टातली पुढची तारीख कधी आहे ते मोबाईलमध्ये दिसतं का. मी बघून सांगितलं, एकोणीस तारीख, बुधवार. तिनं तो दिवस दोनदा म्हणून घेतला आणि वेल्ह्याहून पुण्याला पहिली एसटी किती वाजता सुटते, ते विचारायला एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीकडं निघून गेली.